उत्कृष्ट प्रश्नास घड्याळ

माइक ज्याच्या हातात असतो त्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. टाकीच्या तळाशी गाळ साचावा तसे ते आपोआप साचत जातात. शाळेतून रिटायर झाल्यापासून मी शिरूर आणि दौंड तालुक्यांत निवेदन करतो. लग्न, सत्कार, दशक्रियेतली श्रद्धांजली, हॉटेलचं उद्घाटन, जे येईल ते. सगळे लोक स्टेजकडं बघतात, मी एकटा लोकांकडं बघतो. कोण कशाला टाळ्या वाजवतो, हे मला आता पाठ झालंय.

अलीकडं साचलेले किस्से मात्र सगळे एकाच कार्यक्रमाचे आहेत. चहाच्या टपरीवर सांगितले की लोक पोट धरून हसतात. पहिले काही दिवस मीही हसायचो. आता सांगताना तोंड कडू होतं, म्हणून एकदाच सगळे सांगून मोकळा होतो.

०००

आमचा एक मतदार मंच आहे. मंच म्हणजे चार माणसं, एक फ्लेक्स आणि एक रबरी शिक्का! अध्यक्ष आमच्या शाळेचे जुने प्राचार्य. त्यांना सगळे अजून प्राचार्यच म्हणतात, घरातलेसुद्धा. दुसरे भालेराव आप्पा. आयुष्यभर दौंड जंक्शनला रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे सांधेवाले, होते, आता गावात बौद्ध वस्तीत राहतात, रोज दोन पेपर वाचतात. तिसरे किसनशेठ. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी पत्र्याच्या बावीस खोल्या काढल्या आणि पाटलाचे शेठ झाले. चौथा मी.

दर निवडणुकीला आम्ही उमेदवारांना एका स्टेजवर बसवतो आणि एका विषयावर बोलायला लावतो. यंदा झेडपीची निवडणूक. विषय ठरवायला प्राचार्यांच्या ओट्यावर बसलो.

मी म्हणालो, "बिबट्या ठेवा. ऊस तोडायला माणूस शेतात जायला तयार नाही, पोरं शाळेत एकटी जात नाहीत. यापेक्षा मोठा विषय कुठला?"

प्राचार्यांनी तिन्ही उमेदवारांना फोन लावले. तिघंही बिबट्याला घाबरले! तात्या म्हणाले, त्यावर आपण काय बोलणार, ते वन खात्याचं. भैया म्हणाला, सर, अवघड विषय नको. मॅडम म्हणाल्या, आधी अभ्यास करावा लागेल.

मग किसनशेठ म्हणाले, "बाहेरच्या लोकांचा विषय घ्या. परप्रांती, बांगलादेशी, कोन कुठनं आलंय पत्त्या न्हाई. त्याच्यावर सगळे बोलत्याल."

पुन्हा फोन गेले. तिघांनी दोन मिनिटांत होकार दिला. मॅडमना अभ्यासही लागला नाही.

भालेराव आप्पा पेपरची घडी करत म्हणाले, "बराबर हाय. बिबट्या आयकत असला तर काय घ्या!"

प्राचार्यांनी फ्लेक्ससाठी शुद्ध मजकूर तयार केला: 'स्थलांतरित, आश्रित आणि आपले गाव : उमेदवारांची भूमिका'. फ्लेक्स छापून, टांगून देणारी दोन्ही पोरं बिहारची होती. मजकुराचा अर्थ त्यांना कळत नव्हता, म्हणून तो सरळ लागला.

०००

रंगीत तालीम म्हणून आधी दौंडला एक छोटा कार्यक्रम ठेवला. तिथं आप्पांच्या ओळखीनं रेल्वेवाल्यांचा हॉल मिळाला. तिकडच्या गटातला एक उमेदवार आला. उत्साही माणूस. बोलता बोलता त्याला वाटलं की नुसतं भाषण नको, लोकांना सामील करून घ्यावं. माइक उचलून तो म्हणाला, "ज्यांचे आजोबा इथल्या मातीत जन्मले, त्यांनी हात वर करा! बघूया आपण भूमिपुत्र किती उरलो!"

दौंड म्हणजे रेल्वेनं वसवलेलं गाव. कुणाचा आजोबा तेलंगणातनं इंजिनात कोळसा टाकायला आला, कुणाचा तमिळ मुलखातनं, कुणाचा पार राजस्थानातनं. हॉलमध्ये दीडएकशे माणसं होती. हात वर आले नऊ, आणि त्यातले दोन उमेदवाराच्या ड्रायव्हरचे. त्यानं उत्साहात दोन्ही वर केले होते!

पुढच्या रांगेत एक ख्रिश्चन आजी बसल्या होत्या. नवरा गार्ड होता त्यांचा. त्या उठून अस्सल दौंडी मराठीत म्हणाल्या, "बाळा, तुझा आजोबा रं कुठला?"

उमेदवार हसला. "आमचा पाथर्डीकडचा. दुष्काळात आला होता. पण आजी, ते वेगळं."

हे 'ते वेगळं' लक्षात ठेवा. पुढं पुन्हा पुन्हा येणार आहे.

०००

आता मूळ गोष्ट. आमच्या गावात शफीभाई नावाचा टाइल्स फिटर राहायचा. पश्चिम बंगालातल्या मुर्शिदाबादचा, बायको आणि एक मुलगी. किसनशेठच्या बावीस खोल्यांपैकी सातव्या खोलीत सोळा वर्षं. मुलगी, रुबिना, शिरूरच्या सरकारी दवाखान्यात जन्मली, अंगणवाडीपासून आपल्याच शाळांत शिकली, यंदा दहावीला होती. शफीभाईचा हात इतका सफाईदार की पंचक्रोशीतल्या अर्ध्या बंगल्यांची फरशी त्याची आहे. माझ्याही वरच्या मजल्याची.

तो घरात बंगाली बोलायचा, एवढाच त्याचा गुन्हा. कुणीतरी मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि गावात बोभाटा झाला की सात नंबरात बांगलादेशी आहे. पोलिसांनी कागद मागितले. शफीभाईनं प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळं नेलं. आजोबांच्या जमिनीचा उतारा, बापाचं मतदान कार्ड, स्वतःचा शाळेचा दाखला. सगळं खरं निघालं.

पण लोकांना तेच संशयास्पद वाटलं! पारावर एकजण मला म्हणाला, "सर, येवढी कागदं आपल्याकडं तरी हायेत का? काहीतरी गडबड असल्याबिगर कोन ठेवतंय येवढं जपून?"

मग ग्रामसभेत ठराव आला. ज्यांचं मूळ गाव आणि पिढी ग्रामस्थांना माहीत नाही, त्यांना महिनाअखेरपासून कुणी भाड्यानं ठेवू नये. सूचक कोण? किसनशेठ! बावीसच्या बावीस खोल्यांत बाहेरचे असलेला माणूस ठराव मांडतो. हात वर झाले आणि मंजूर.

मी त्यांना बाहेर गाठलं. "शेठ, अहो बावीस खोल्या रिकाम्या करणार का?"

"बावीस कशापायी? ठराव केलाय तर येखादी खोली रिकामी दावाय नको का? सातवी करतो. बाकीचे पिढ्यान्‌पिढ्याचे वळखीचे हायेत."

"बिहारचे लोक पिढ्यान्‌पिढ्याचे ओळखीचे?"

"सर, ते येगळं."

महिनाअखेर आणि रुबिनाचा शेवटचा पेपर यांत सोळा दिवसांचं अंतर होतं. परीक्षा केंद्र शिरूरला. तेवढे सोळा दिवस खोली राहिली असती, तर बाकी काही मागणं नव्हतं त्यांचं.

०००

कार्यक्रमाच्या आधी नियमावर खडाजंगी झाली. किसनशेठ म्हणाले, प्रश्न फक्त इथल्या मतदारांनी विचारायचे, आत पण मतदारच सोडायचे. आप्पा भडकले. "ज्यांच्यावर बोलायचं तेच भाईर उभे? मग आत काय आरती म्हनायची?"

शेवटी प्राचार्यांनी तोडगा काढला. आत मतदारच बसतील. इतरांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावा, निवेदक वाचून दाखवेल. आणि लोकांचा सहभाग वाढावा म्हणून उत्कृष्ट प्रश्नास बक्षीस, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ भैयानं लगेच पुरस्कृत केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दारात दोन कार्यकर्ते मतदार यादी घेऊन बसवले. कडक तपासणी! साडेदहाला दीपप्रज्वलन झालं, मी माइकपाशी गेलो, "सन्माननीय" म्हणालो आणि माइक बंद पडला. ठोकून पाहिला, फुंकून पाहिला. साउंडवाला उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्याचा पोरगा, सकाळपासून त्यानंच सगळं जोडलं होतं. तो चहाला बाहेर गेला होता आणि परत येताना दारातल्यांनी त्याला अडवला होता. यादीत नाव नाही!

तो बाहेरून हात करत होता, मी आतून हात करत होतो. कार्यकर्ता म्हणाला, "सर, नियम म्हंजी नियम." पाऊण तास आम्ही सगळे भूमिपुत्र एका मिक्सरभोवती उभं राहून बटणं फिरवत होतो. एकदा त्यातून भजन लागलं, एकदा नुसती शिट्टी.

शेवटी आप्पांनी दारात जाऊन आपलं मतदान कार्ड त्या पोराच्या हातात दिलं आणि स्वतः बाहेर उन्हात बसले. "एकाच्या बदल्यात एक. आता तर चालंल?" कार्यकर्त्यानं विचार केला आणि पोराला आत सोडलं. माइक एका मिनिटात सुरू झाला. आप्पांना आत आणायला मात्र प्राचार्यांना स्वतः जावं लागलं.

०००

भाषणं झाली. तात्या जुने खेळाडू. पहिल्याच वाक्याला टाळी घेतली. "बाहेरच्यांनी येऊन आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या!"

आप्पा उठले. त्यांना प्रश्न विचारायचा अधिकार होता, कार्ड परत मिळालं होतं. "तात्या, तुमच्या पोल्ट्रीवर कोन हाय?"

"झारखंडचे हायेत चार."

"आन् गोठ्यावर?"

"त्ये बी तिकडलेच."

"मंग?"

तात्या शांतपणे म्हणाले, "आप्पा, तुमचा घोटाळा व्हतोय. ते कामाला हायेत. नोकरीला न्हाईत. ते येगळं."

सभागृहाला हे उत्तर पूर्ण पटलं. टाळ्याही पडल्या.

०००

भैयाचं भाषण सर्वांत जोरदार झालं. तिशीतला देखणा पोरगा, माझाच विद्यार्थी. 'भूमिपुत्र' हा शब्द त्यानं इतक्यांदा उच्चारला की मोजायला माणूस ठेवला असता तर तो थकला असता. "ज्याची नाळ इथं पुरलीय, त्याचंच हे गाव!" लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पण भैयाच्या आजोबांची नाळ आणि माझ्या बापाची नाळ एकाच गावात पुरलेली आहे, आणि ते गाव वरच्या खोऱ्यात धरणाच्या पाण्याखाली आहे. आम्ही धरणग्रस्त. सरकारी ट्रकमधून भांड्याकुंड्यांसकट आणून या काळ्या रानात ओतलेले. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. गावानं आम्हाला विहिरीवर येऊ दिलं नाही. 'कोन कुठनं आलंय पत्त्या न्हाई' हे वाक्य मी किसनशेठच्या बापाच्या तोंडून ऐकलंय! पाणी दिलं ते एकाच वस्तीनं. भालेराव आप्पांच्या वडलांनी आईच्या हंड्यात स्वतः पोहरा रिकामा केला. आम्ही दीड वर्ष ते पाणी प्यायलो, आणि माझ्या बापानं ही गोष्ट आमच्या मराठा पाव्हण्यांत कधी कुणाला कळू दिली नाही. मला याची लाज बापाच्या माघारी वाटायला लागली, म्हणजे काही उपयोग नसताना.

जेवणाच्या वेळी मी भैयाला बाजूला घेतलं. म्हणालो, "अरे, आपल्याला अजून पाठीमागं धरणग्रस्त म्हणतात. तू हे बोलतोस कसा?"

त्यानं जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. "सर, आपलं येगळं. आपल्याला सरकारनं आणलं."

"आणि आपल्याला बसवायला सरकारनं कुणाला उठवलं होतं?"

"सर, जेवा ना. जिलेबी गरम हाय."

०००

जेवणानंतर चिठ्ठ्यांची पेटी फोडली. 'गटार कधी होणार', 'भैया, लग्न कधी करणार' अशा पंचवीसएक चिठ्ठ्या. त्यांत वहीच्या रेघी कागदावर सुवाच्य अक्षरात एक निघाली. मी वाचली:

"मी इयत्ता दहावीत आहे. माझा जन्म शिरूर येथे झाला. ग्रामसभेच्या ठरावानुसार आम्हाला महिनाअखेर खोली सोडायची आहे. माझा शेवटचा पेपर त्यानंतर सोळाव्या दिवशी आहे. तेवढे सोळा दिवस आम्हाला राहू द्याल का? कृपया उत्तर हो किंवा नाही असे द्यावे. रुबिना शफीकुल शेख."

खिडकीच्या गजाबाहेर ती शाळेच्या ड्रेसवर उभी होती. मतदार नसल्यामुळं आत सोडली नव्हती.

तात्या म्हणाले, "मुलींच्या शिक्षणासाठी मी सभापती असताना सायकली वाटल्या, हे विसरून चालणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "फारच हृदयस्पर्शी प्रश्न आहे. मी निवडून आल्यास याबाबत समिती नेमेन."

भैया म्हणाला, "आमचा विरोध व्यक्तीला नाही, प्रवृत्तीला आहे. ताईला परीक्षेसाठी माझ्या शुभेच्छा!" आणि खिडकीकडं बघून हात जोडले.

आप्पा तिसऱ्या रांगेतून ओरडले, "हो का न्हाई?"

आता निवेदकाचं काम काय होतं? एकच वाक्य माझ्या तोंडात यायला पाहिजे होतं: 'उमेदवारांनी हो किंवा नाही असं उत्तर द्यावं.' सात शब्द. पंचवीस वर्षं वर्गात पोरांना हेच सांगत आलो की जे विचारलंय तेच लिहा. मी किसनशेठकडं पाहिलं, प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्य मनगटावरच्या घड्याळावर टकटक करत होते.

मी म्हणालो, "वेळेअभावी आपण पुढच्या प्रश्नाकडं वळू या."

पुढचा प्रश्न गटाराचा होता. त्यावर तिघंही अर्धा तास बोलले.

०००

महिन्याचा शेवटचा दिवस आला. किसनशेठनी सात नंबरचं लाइटचं कनेक्शन सकाळीच काढलं. स्वभावानं वाईट माणूस नाही. शफीभाईच्या टेम्पोत सामान चढवायला स्वतः हात लावला. शिलाई मशीन जड होतं, त्याचं एक टोक शेठनी धरलं. फक्त ते बाहेर घालवण्यासाठी धरलं, एवढंच.

घरी बायको म्हणाली, "आपली वरची खोली मोकळीच आहे की. पोरगा पुण्याहून दिवाळीशिवाय येत नाही. सोळा दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी म्हणालो, "ठराव झालाय. मी मंचाचा माणूस. तोंडावर निवडणूक. माझं नाव कुठल्यातरी बाजूला लागेल."

"तुम्हाला कोण मत देणार आहे?"

"तसं नाही गं. आपलं वेगळं."

बोललो, आणि आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. बायको उठली. वर जाऊन तिनं खोलीची फरशी पुसून घेतली. शफीभाईनं बसवलेली ती फरशी, सांधा सापडत नाही कुठं. मी खालीच बसून राहिलो.

टेम्पो भालेराव आप्पांच्या दारात जाऊन थांबला. आप्पांचं दोन खोल्यांचं घर, त्यात मुलगा, सून, दोन नातवंडं. पुढची खोली त्यांनी यांना दिली आणि स्वतः पडवीत खाट टाकली.

संध्याकाळी ठरावाची प्रत घेऊन चार माणसं तिथं गेली. किसनशेठ पुढं. आप्पा खाटेवर पेपर वाचत होते.

"आप्पा, ठराव म्हाईत हाय ना? भाड्यानं ठेवता येत न्हाई."

"भाडं कोन घेतंय? पाव्हणे हायेत."

"कोन पाव्हणे? बंगालचे?"

"व्हय. पाव्हण्यांना ठराव लागू हाय का? आसंल तर लेकीच्या सासरच्यांना बी कागद घेऊन बोलवा. माझ्याकडंच न्हाई, तुमच्याकडं बी येत्याल की यात्रेला."

पाव्हण्याला गाव सोडायला कसं सांगायचं, हे कुणाला सुचेना. ठरावात ती तरतूदच नव्हती! आप्पांच्या सुनेनं त्यांना चहा दिला. एकानं बशीत ओतून घेतला. दोघांनी आत्ताच घेतला म्हणून नाही म्हटलं. किसनशेठनी कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. तो का ठेवला हे आप्पांना माहीत होतं, मलाही माहीत आहे.

त्या सोळा दिवसांत प्रत्येक पेपरला आप्पा सकाळी रुबिनाला एसटीत बसवून द्यायचे. ड्रायव्हर नेहमीचा होता, त्याला सांगायचे, "परीक्षा हाय पोरीची, आज जरा दाबून घ्या." शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी शफीभाई कुटुंब घेऊन गेला. जाताना तो माझ्याकडंही आला. वरच्या खोलीत एक फरशी पोकळ वाजते म्हणून मी दिवाळीत बोललो होतो, ती त्यानं काढून पुन्हा बसवली आणि पाया पडून गेला. कुठं जाणार विचारलं तर म्हणाला, "केरळ में काम है बोलते हैं, सर." रुबिना रस्त्यावर टेम्पोत बसून होती. ती खाली उतरली नाही.

०००

निवडणूक भैया जिंकला. एप्रिलमध्ये त्याचा नागरी सत्कार ठेवला, आणि त्यातच मंचाचं बक्षीस उरकून घ्यायचं ठरलं. परीक्षक प्राचार्य. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या नेऊन लाल पेननं तपासल्या होत्या. निकालाचा कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: 'उत्कृष्ट प्रश्न : कु. रुबिना शेख. मुद्दा नेमका, भाषा शुद्ध, अक्षर वळणदार.'

मी त्यांच्या कानात म्हणालो, "सर, अहो ती गेली. काढली ना तिला."

प्राचार्य म्हणाले, "गुणवत्तेत आपण भेदभाव करत नाही."

घड्याळ मोठं होतं. तबकडीवर भैयाचा हात जोडलेला फोटो, काटे त्याच्या नाकातून निघालेले. मी माइकवर पुकारलं, "कुमारी रुबिना शेख!" कुणी उठलं नाही. रीत म्हणून पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं.

आपल्याकडं बक्षीस रिकामं जात नाही. विजेता गैरहजर असला की त्याच्या वतीनं कुणीतरी घ्यायचं असतं. मी हॉलकडं पाहिलं. तिसऱ्या रांगेत भालेराव आप्पा बसले होते, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. खुर्चीच्या हातावर हात टेकवून ते अर्धे उठलेही होते. आणि पहिल्या रांगेतून किसनशेठ पूर्ण उठून, फेटा सावरत, पायऱ्यांपाशी आले होते.

भैया माझ्याकडं बघत होता. मी माइक तोंडाशी नेला.

"रुबिनाच्या वतीनं बक्षीस स्वीकारत आहेत, तिचे घरमालक, आपल्या सर्वांचे किसनशेठ! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. आप्पा खाली बसले. शेठनी घड्याळ घेतलं, भैयाला मिठी मारली आणि माझ्या हातातून माइक घेतला.

"पोरगी लई हुशार. आपल्याच खोलीत ल्हानाची मोठी झाली, सात नंबरात. आपलीच पोरगी हाय म्हना की!"

पुन्हा टाळ्या. त्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून आप्पांनी, आवाज न चढवता, विचारलं, "मंग कुठं हाय ती, शेठ?"

शेठनी माइक पुन्हा तोंडाशी धरला.

"आता काय म्हाईत, आप्पा. बाहेरची मानसं. कवा येत्यात, कवा जात्यात, सांगून जात्यात व्हय?"

आणि घड्याळ छातीशी धरून ते फोटोसाठी उभे राहिले. फोटो पेपरात आला. डावीकडून तिसरा मी.